लग्नाच्या वाढदिवसाला हे गाणं लावू का?

प्रश्न : ताई, आईबाबांच्या लग्नाला २५ वर्षं होताहेत. त्यांच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करतेय आणि मागे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावायचं ठरवलंय. मैत्रीण म्हणते, ते प्रेमाचं गाणं नाहीच. खरं का?

उत्तर : खरं आहे. पण तुला ते प्रेमाचं वाटलं यात नवल नाही, मीसुद्धा कित्येक वर्षं ते तसंच ऐकत होते.

'द पोलीस' या ब्रिटिश बँडचा गायक स्टिंग याने हे गाणं १९८२ मध्ये लिहिलं. त्याचं पहिलं लग्न मोडत होतं आणि तो जमैकात 'गोल्डनआय' नावाच्या घरी जाऊन राहिला होता. इयान फ्लेमिंगने जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या, तेच घर. मध्यरात्री जाग आली ती एक ओळ डोक्यात घेऊनच, मग तो पियानोशी बसला आणि अर्ध्या तासात गाणं झालं, असं तो सांगतो. आता शब्दांकडे लक्ष दे. तुझा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल, तू मोडलेलं प्रत्येक वचन, सगळ्यावर माझी नजर असेल! सोडून गेलेल्या माणसावर कुणीतरी पाळत ठेवतंय. हे किती भीतीदायक आहे ते लिहिताना आपल्याला कळलं नव्हतं, असं स्टिंगनेच पुढे कबूल केलं. तरीही १९८३ मध्ये अमेरिकेत ते सलग ८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

मग इतकं गोड का वाटतं? मी गिटार शिकवते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा, क्रम जुन्या प्रेमगीतांचाच आहे, कानाला ओळखीचा. त्यावर बँडचा गिटारवादक अँडी समर्सने प्रत्येक कॉर्ड सुटी करून, एकेक तार छेडत वाजवलीय आणि त्यात कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलेला नववा स्वर मिसळलाय. तो स्वर गाठताना माझ्या विद्यार्थ्यांची बोटं ताणून दुखतात, पण सगळा हळवेपणा त्याच्यातच आहे. कान त्या गिटारवर विश्वास ठेवतात आणि शब्द निसटून जातात.

आईबाबांसाठी मी 'युअर साँग' निवडेन. ते लिहिलं तेव्हा गायक-संगीतकार एल्टन जॉन आणि गीतकार बर्नी टॉपिन दोघंही एल्टनच्या आईच्या घरी राहत होते. बर्नीने सकाळी न्याहारीच्या वेळी शब्द लिहिले, एल्टनने त्याच दिवशी थोड्या वेळात चाल लावली. आधी शब्द, मग चाल, हीच त्यांची नेहमीची रीत, म्हणून इथे दोन्ही एकच गोष्ट सांगतात. माझ्याकडे फार पैसे नाहीत, असते तर आपल्या दोघांसाठी मोठं घर घेतलं असतं, आज देण्यासारखं हे गाणंच आहे, असं गाणारा म्हणतो. पुढे तर बोलता बोलता तो अडखळतो, तिचे डोळे हिरवे की निळे हेच विसरतो. मला ती जागा फार आवडते.

व्हिडिओ जोडताना घराची ओळ येईल तिथे आईबाबांचा अगदी सुरुवातीच्या दिवसांतला फोटो ठेव.