निवडून येणार नाही हे माहीत असूनही लोक आमदारकीला अपक्ष का उभे राहतात? पैशासाठीच ना?

ते शेवटचं "पैशासाठीच ना?" नसतं तर मी हा प्रश्न वाचून पुढं गेलो असतो. २०१४ ला माझे वडील, अण्णा, आमदारकीला अपक्ष उभे होते. मतं पडली ६११. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अजूनही लग्नाच्या पंगतीत "या सहाशे अकरा, इकडं बसा" म्हणून हाक मारतात आणि चार टाळकी हसतात. त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी तुमचं उत्तर. होय, पुष्कळ जण पैशासाठीच उभे राहतात. अर्ज टाकायचा आणि माघारीच्या दिवसापर्यंत कुणी 'बसवायला' येतंय का याची वाट बघायची. काहींचा अर्ज मोठा उमेदवारच भरून देतो. समोरच्याची चार मतं खाल्ली जातात, बूथवर आपला एक एजंट वाढतो, गाडीचा परवाना जादा मिळतो. नावं सारखी असलेले तर जगजाहीर आहेत. २०१४ च्याच लोकसभेला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षानं साडेनऊ हजारांवर मतं घेतली होती. उरलेले बंडखोर. त्यांच्या डोक्यातून १९९५ जात नाही. त्या वर्षी ४५ अपक्ष निवडून आले आणि मनोहर जोशींचं सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं. २०२४ ला दोन हजारांवर अपक्ष होते, आले दोन. हे गणित त्यांना कळत नाही असं नाही, पण आपण त्या दोघांत असू असं वाटतं.

आता अण्णा. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, वय ६६, जमीन कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. टेलला असणं म्हणजे काय ते ज्याची जमीन तिथं आहे त्यालाच कळतं. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटल्याची बातमी पेपरात येते, वरची गावं मोटारी टाकून ओढतात आणि आमच्या चारीत बाभळी वाढतात. अण्णांनी चार वर्षं अर्ज केले. प्रत्येक अर्जाची पोच कंडक्टरच्या शिस्तीनं ट्रंकेत ठेवलेली, तिकिटाच्या गठ्ठ्यासारखी रबर लावून. पाटबंधारेचे साहेब कधी भेटलेच नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "उमेदवाराचा फोन उचलावा लागतो त्यांना." बस. एवढंच कारण. मी तेव्हा पुण्यात कंपनीत होतो, मला हा शुद्ध वेडेपणा वाटला आणि तसं मी बोललोही.

अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे, लागतात, सगळे मतदारसंघातलेच मतदार हवेत. मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एकच पुरतो. दहापैकी एकाचा यादीतला अनुक्रमांक चुकला म्हणून आम्ही २७ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, धावपळ करत होतो. त्याच आठवड्यात, २५ तारखेला, युती आणि आघाडी दोन्ही एकाच दिवशी फुटली होती. तहसीलच्या आवारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं ए-बी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, वाट बघत झाडाखाली घामाघूम उभी होती आणि आमचे अण्णा खाकी पिशवीतून दहा हजार मोजून देत होते. पेन्शनचे नव्हते, फंडातले होते. आई तेव्हापासून दोन दिवस बोलली नाही.

माघार १ ऑक्टोबरला, दुपारी ३ पर्यंत. आदल्या रात्री दाजी आले. बरोबर दोन अनोळखी माणसं. एका उमेदवाराकडून निरोप होता, एक पेटी, म्हणजे एक लाख, निम्मे लगेच. दाजी म्हणाले, "अण्णा, विहिरीचं काम होऊन जाईल." अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि सकाळी सांगतो म्हणाले. सकाळी सातला मला उठवलं, दोघांचे मोबाईल आईच्या हवाली केले आणि आम्ही स्टँडवर. माघारीचा कागद उमेदवारानं स्वतः द्यावा लागतो, नाहीतर त्याच्या सहीचं पत्र घेऊन सूचकानं किंवा प्रतिनिधीनं. माणूसच सापडला नाही तर सही कुठून आणणार? नगरची गाडी पकडली. नगरहून परत. पुन्हा नगर. मी खिडकीशी, अण्णा कंडक्टरच्या सीटशेजारी गप्पा मारत. ६५ च्या वरचे म्हणून त्यांना अर्धं तिकीट, मला पूर्ण. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी घड्याळ बघितलं, टोपी काढली आणि घाटात पहिल्यांदा डोळे मिटले.

दाजींचं म्हणणं आजही असं, की एक पेटी नाकारतो तो माणूस दुसऱ्याकडून दोन घेऊन बसलेला असतो. दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या पंधरवड्याचा सगळा खर्च ३८ हजार झाला. एक रिक्षा भोंग्यासकट, बाकी पत्रकं. चिन्ह शिवणयंत्र. दुसऱ्या मशीनवर दुसरं नाव, अर्ध्या म्हाताऱ्यांना तिथं दुसरं मशीन आहे हेच दिसलं नाही. दुसऱ्यानं पैसे देऊन उभा केलेल्या डमीला कुणी असं वाऱ्यावर सोडत नाही. नोटाला अण्णांपेक्षा जास्त मतं पडली, हेही सांगून टाकतो, तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं.

फोन मात्र उचलला गेला. प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात चारीवर पोकलेन आलं आणि बाभळी निघाल्या. दाजी म्हणतात टेंडर आधीच निघालं होतं. असेलही. मी कागद बघितलेले नाहीत. पण त्या रब्बीला पाणी आलं, आणि दाजींचा दीड एकर कांदा त्याच चारीवर आहे.

तुम्ही स्वतः उभं राहायचा विचार करत असाल तर कर्ज काढून राहू नका. मतं किती पडतील याचा अंदाज घरच्यांना विचारून काढू नका, दहाच्या दहा सूचक तरी मत देतील असंही धरू नका. आमचा एकच अनुभव आहे, त्यावरून सगळे अपक्ष साधू असतात असं मी म्हणत नाही. बहुतेक नसतातच. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्या. तो वेळेत किंवा नीट दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवतात, हरलेल्यालाही. अण्णांनी सव्विसाव्या दिवशी दिला. त्यात १ ऑक्टोबरची सगळी तिकिटं चिकटवली होती, माझी पूर्ण आणि त्यांची अर्धी. कारकून म्हणाला, हा प्रचार नाही, काढून टाका. अण्णांनी काढली नाहीत.