ड्रायपॉइंटला ‘शुष्कबिंदू’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो यांच्या ‘काठावर विसावलेलं बदक’ या चित्राच्या माहितीत ‘ड्रायपॉइंट’ असं लिहिलेलं असतं. पत्र्यावर सुईनं रेघा ओढून, शाई लावून त्याचे छाप कागदावर काढायची ही एक पद्धत. चित्र तर पेन्सिलीनं झरझर काढल्यासारखं दिसतं. मग मराठीत ‘शुष्कबिंदू’ म्हणावं, ‘कोरीव चित्र’ म्हणावं, की सरळ ‘रेखाटन’?

‘शुष्कबिंदू’ आधी बाद करू. मूळ फ्रेंच नाव ‘प्वाँत सेश’. त्यातलं ‘प्वाँत’ म्हणजे टिंब नव्हे, हत्याराचं टोक. जर्मन तर त्याला ‘काल्टनाडेल’, म्हणजे थंड सुई म्हणतात. ‘कोरडं’ अशासाठी की इथे आम्ल नाही. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईनं लेप खरवडतात आणि रेघ पाडायचं काम आम्लावर सोडतात. ड्रायपॉइंटमध्ये सुई थेट तांब्यावर चालते.

‘कोरीव’ हा शब्द जवळचा वाटतो, पण तोही फसवा आहे. कोरलं की माल निघून जातो. एन्ग्रेव्हिंगचं हत्यार तांब्याची बारीक सळ काढतच पुढे सरकतं, म्हणून त्याची रेघ स्वच्छ येते. ड्रायपॉइंटची सुई धातू काढत नाही, तर नांगराच्या तासाच्या कडेला माती चढावी तसा तो बाजूला उचलते. वर्कशॉपमधली मंडळी अशा कडेला ‘बर’ म्हणतात आणि कानस मारून घालवतात. इथे मात्र सगळी मदार तिच्यावरच. पत्र्याला लावलेली शाई पुसून घेतली तरी बरला थोडी चिकटून राहते आणि कागदावर रेघेच्या बाजूला मखमली सावली उमटते. सुई तिरकी धरली तर ही सावली एकाच अंगाला पडते. प्रेसच्या दाबाखाली बर लवकर चेपते, त्यामुळे पहिल्या काही प्रतींची मजा नंतरच्या प्रतींत राहत नाही. पत्र्यावर पोलादाचा मुलामा दिला तर पत्रा जास्त टिकतो, हा भाग वेगळा.

म्हणून क्रियापद हवं असेल तर माझं मत ‘ओरखडणे’ला. जरा रांगडं आहे खरं, पण नेमकं आहे.

‘रेखाटन’ का नको? मोरिसो यांनी 1888 ते 1890च्या सुमारास अशी मोजकीच चित्रं केली आणि त्यांत वहीतल्या रेघांचा मोकळेपणा आहे, हे मान्य. पण कागदाला त्यांची सुई लागलेलीच नाही. जे दिसतं ते पत्र्यावरच्या चित्राचं उलटं, आरशातलं रूप, आणि त्याच्या प्रती निघतात. म्हणजे हे मुद्राचित्र. ‘रेखाटनासारखं’ म्हणायला हरकत नाही, तो ‘सारखं’ तेवढा गाळू नका.

ओळ लिहायचीच तर अशी लिहीन: ‘बर्थ मोरिसो, काठावर विसावलेलं बदक, मुद्राचित्र (ड्रायपॉइंट)’. एचिंग, लिथोग्राफ हे शब्द आपण जसेच्या तसे चालवतोच, मग यालाच संस्कृत पोशाख कशाला?