‘तो वर्गात एक शब्द बोलत नाही’ : परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

परदेशात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून गेलेल्या, किंवा निघायच्या तयारीत असलेल्या मंडळींचे प्रश्न सतत येत असतात. नावे बदलतात, गोंधळ तोच असतो. नेहमीचे काही प्रश्न आज एकत्र घेते.

प्रश्न : एका महिन्यासाठीच जायचे आहे, मानधनही नाही. पर्यटक व्हिसा चालेल ना? संस्था म्हणते, सगळे तसेच जातात.

‘सगळे जातात’ हा नियम नव्हे. अनेक देशांत बिनपगारी काम हेही कामच धरतात. त्या देशाच्या वकिलातीला लेखी विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परकी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवायची याचा) कोर्स निम्म्या किमतीत मिळतो आहे. सवलत आज रात्रीपर्यंतच आहे. घेऊ का?

आज रात्री तर मुळीच नको. अशा सवलती पुढच्या आठवड्यातही तशाच असतात. टीईएफएल ही कुणा एका विद्यापीठाची पदवी नाही. ते नाव कोणीही वापरू शकतो आणि १२० हा आकडाही कोणीही छापू शकतो. विचारायचे ते एवढेच : खऱ्या वर्गासमोर किती तास शिकवायला मिळेल, आणि ते बघून चुका कोण दाखवेल? सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्स नावाजलेला आहे, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवावे लागते. पण तो प्रौढांना शिकवण्यासाठी बेतलेला आहे. पैसे भरण्याआधी तुम्ही जाणार त्या शाळेलाच विचारा, त्यांना काय चालते.

प्रश्न : सुरुवात एबीसीडीपासूनच करायची ना?

नाही. आधी कान, मग तोंड, अक्षरे नंतर. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. ‘डब्ल्यू’ हे नाव घोकलेल्या मुलाला ‘वॉटर’ वाचताना त्या नावाचा काडीचा उपयोग होत नाही.

प्रश्न : पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे. तीन आठवडे झाले, एक मुलगा इंग्रजीत एक शब्द बोललेला नाही. सोबतची स्वयंसेविका म्हणते, बोलल्याशिवाय स्टिकर देऊ नकोस, आपोआप बोलेल.

स्टिकर रोखू नका. त्याला सगळ्यांसमोर उभे करून ‘से इट, से इट’ म्हणत असाल तर तेही आजच थांबवा. हे सविस्तर सांगते, कारण एवढ्याच कारणाने इंग्रजीच्या तासाला पोटात दुखू लागलेली मुले मी पाहिली आहेत.

नवी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुले आधी नुसती ऐकतात. याला मूक काळ म्हणतात. कुणाचा काही आठवड्यांत सरतो, कुणाचा कित्येक महिने चालतो. मूल गप्प दिसते, पण आत जुळवाजुळव चालू असते. शिवाय हिशेब करा : आठवड्याला तीन तास इंग्रजी असेल, तर तुमचे तीन आठवडे म्हणजे त्याचे अवघे नऊ तास.

माझ्या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती. रंगीत कप एकावर एक रचायचा खेळ आम्ही खेळायचो. ‘रेड ऑन ब्लू’ म्हटले की तिचा हात अचूक जायचा, ओठ मात्र घट्ट मिटलेले. चौथ्या महिन्यात शेजारच्या मुलाने निळ्याच्या जागी हिरवा कप उचलला, तशी ती ताडकन म्हणाली, ‘नो! नो ग्रीन. ब्लू!’ तिच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी होते, म्हणून ती बोलली.

तेव्हा त्याच्या हातापायांकडे लक्ष द्या. ‘स्टँड अप’ म्हटल्यावर तो इतरांचे बघून उठतो की स्वतःहून? गाण्याच्या वेळी ओठ हलतात का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ पद्धत याच पायावर उभी आहे : शिक्षकाने सांगायचे, मुलांनी कृती करायची, बोलणे त्यांची तयारी झाल्यावर. बोट दाखवणे, मान डोलावणे, चित्र उचलणे ही सगळी उत्तरेच आहेत, त्यांनाही स्टिकर द्या. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळी रोज ठेवा. घोळक्यात आवाज मिसळून जातो, त्यामुळे धीर येतो.

एक गोष्ट मात्र ताबडतोब बघा. मधल्या सुट्टीत तो मित्रांशी स्वतःच्या भाषेत बोलतो का? बोलत असेल तर निर्धास्त राहा. शाळेत आपल्या भाषेतही महिनाभर तोंड उघडत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर प्रश्न इंग्रजीचा नाही. कान तपासावे लागतील, किंवा सिलेक्टिव्ह म्यूटिझमसारखे (घरी बोलणारे मूल शाळेसारख्या ठिकाणी बोलूच शकत नाही, असे) काही आहे का हे तज्ज्ञाला बघावे लागेल. निदान तुम्ही करायचे नाही, मीही इथे बसून करणार नाही. याच आठवड्यात वर्गशिक्षिकेशी बोला, पालकांशी त्याच बोलतील. ‘बघू पुढच्या सत्रात’ म्हणू नका. तोवर तुम्ही परत गेलेले असाल.

प्रश्न : वर्गात मुलांना त्यांची भाषा अजिबात बोलू द्यायची नाही, हे खरे का?

ऐकीव गोष्ट आहे. शू लागलेल्या मुलाला तुम्ही इंग्रजीची अट घालणार का?

प्रश्न : दोन आठवडे अनाथालयात शिकवण्याचे एक पॅकेज आहे, सहलीसकट. कसे वाटते?

जाऊ नका. अशा ठिकाणच्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणून मुले घरापासून तोडून आणल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. पर्यटनाच्या जोडीने चालणाऱ्या अशा स्वयंसेवेतून मुलांची तस्करी आणि शोषण होऊ शकते, ते रोखा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात सरकारांना सांगितले आहे. शिवाय दर पंधरवड्याला नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो, हे त्या मुलांनी किती वेळा सोसायचे? नियमित शाळा निवडा. तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला न मागणारी संस्था असेल, तर तिच्यासोबत पुढे जाऊ नका, आधी जाणकाराचा सल्ला घ्या.

प्रश्न : वर्गातले फोटो टाकले तर चालतील का?

शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी नसेल तर नाही. परवानगी असली तरी मुलाचे नाव आणि शाळेचे ठिकाण फोटोसोबत देऊ नका. शाळेचे बालसुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी मागून घ्या.