10 पगार आणि 240 हप्ते

पत्र डिचोलीहून आलंय, एका वडिलांचं. मुलगा 23 वर्षांचा, फुटबॉलमधला डाव्या बाजूचा विंगर (मैदानाच्या कडेने वेगाने चढाई करणारा खेळाडू), गोवा प्रो लीगमध्ये तीन हंगाम खेळलेला. पोर्तुगालच्या तिसऱ्या श्रेणीतला एक क्लब त्याला एका वर्षाचा करार देतोय. पुढचं एक वर्ष 'ऑप्शन' म्हणून आहे. हातात महिना 1,100 युरो, तेही दहाच महिने. राहायला दोघांत एक खोली आणि दुपारचं जेवण. एजंट 'फाईल, तिकीट, व्हिसा' या नावाखाली 6 लाख मागतोय. घरात 16 लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडून 6 लाख एजंटाला द्यायचे, 10 लाख पर्वरीतल्या 70 लाखांच्या फ्लॅटला भरायचे आणि उरलेलं 60 लाखांचं कर्ज मुलाच्या पगारातून फेडायचं, असा बेत आहे. "युरोतला पगार म्हटल्यावर हप्ता सहज निघेल ना?" असं ते विचारतात.

नमस्कार.

मुलाला जरूर पाठवा. ठेव मोडू नका, फ्लॅट आत्ता घेऊ नका, आणि एजंटाला 6 लाख तर मुळीच देऊ नका. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की 2012 पर्यंत तुमचे दोन ट्रक खाणीवर चालायचे. खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीतच होतं.

त्या वर्षी सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी फोंड्यात पैशांच्या सल्ल्याचा व्यवसाय नुकताच सुरू केला होता. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात माणसांच्या हातात ट्रकच्या कर्जाचे कागद असायचे. कोणी आळशी नव्हतं, कोणी उधळ्या नव्हता. खनिजाच्या खेपा रोज होत होत्या, म्हणून पाच वर्षांचा हप्ता घेतला होता. खेपा थांबल्या, हप्ता थांबला नाही. पुढे खाणी सुरू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. फक्त एवढंच म्हणतो की मुलाचे पाय म्हणजे खाणीवरचा ट्रक आहे, आणि फ्लॅटचं कर्ज पाच नव्हे, वीस वर्षांचं आहे.

आता आकडे. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरो 100 रुपयांचा धरू. दहा महिन्यांचे 11,000 युरो. खोली आणि दुपारचं जेवण क्लबचं असलं तरी रात्रीचं जेवण, फोन, बस, थंडीचे कपडे, बूट (विंगरचे बूट किती टिकतात ते त्याच्या आईला विचारा) मिळून महिना 400 युरो कुठे गेलेच. जाण्यायेण्याचं तिकीट 900 धरलं तर वर्षाकाठी 6,100 युरो उरतात, म्हणजे 6 लाख 10 हजार रुपये. बारा महिन्यांवर पसरले तर महिना साधारण 51,000.

60 लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज: हप्ता सुमारे 52,000.

म्हणजे सगळं सुरळीत झालं, एकही पगार उशिरा आला नाही, मुलाने पोर्तोला जाऊन एखादी मोठी मॅचही पाहिली नाही, तरी हप्त्याला हजारभर कमीच पडतात. आणि हे पहिल्या वर्षापुरतं. सही झालेले पगार आहेत 10. हप्ते आहेत 240. बिल्डरचा माणूस म्हणतो की तुमचं नाव जोडून कर्ज बसवून देऊ. तुम्ही 54 वर्षांचे आहात. मुलाचा पगार थांबला की बँक तुमच्या दुकानाकडे बघेल.

'एक अधिक एक' (एक वर्ष पक्कं, दुसरं ऑप्शनचं) हा करार घरोघरी दोन वर्षांचा समजला जातो. तो ऑप्शन बहुतेक वेळा क्लबच्या हातात असतो. मुलगा चांगला खेळला तर क्लब त्याच पगारात त्याला ठेवून घेऊ शकतो. नाही खेळला तर मे महिन्यात 'ओब्रिगादो' (आभारी आहे) म्हणून निरोप. दोन्हीकडून सोय क्लबचीच.

विंगरबद्दलही बोललं पाहिजे, कारण फुटबॉलमध्ये सगळ्या जागांचं आयुष्य सारखं नसतं. गोलरक्षक पस्तिशीतही खेळतो. विंगर विकतो तो वेग, आणि वेगाची जागा मांडीच्या मागच्या स्नायूत असते. हॅमस्ट्रिंग एकदा ताणला की सहा आठवडे जातात, दुसऱ्यांदा ताणला की डोक्यात भीती बसते. रायन गिग्ज चाळिशीपर्यंत खेळला हे खरं, पण कडेची टचलाइन सोडून तो मैदानाच्या मध्यभागी सरकला होता. साधारण माणसाने एकतिशी-बत्तिशीपर्यंतचा हिशेब धरावा. तुमच्या मुलाकडे आठ-नऊ वर्षं आहेत, आणि वीस वर्षांच्या कर्जातली शेवटची अकरा वर्षं तो फुटबॉलपटू नसणार.

उदाहरणं लांब शोधायला नकोत. आसोळण्याचा रोमिओ फर्नांडिस, आपला गोंयकार विंगर, 2015 मध्ये धेंपोकडून ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्सेकडे लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, गेला. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय. गोव्यात केवढा आनंद झाला होता! पण तो मुक्काम काही महिन्यांचाच ठरला. संदेश झिंगन 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापत झाली, आणि तिथे एकही अधिकृत सामना न खेळता पुढच्या जानेवारीत परतला. तो तेव्हा भारताचा पहिल्या फळीतला बचावपटू होता. दोघांच्याही जाण्यात काही चूक नव्हती. तुमचा मुलगाही जाऊ दे. फक्त त्याच्या पाठीवर फ्लॅट बांधून पाठवू नका.

इथे राहून तरी काय हमी आहे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. धेंपो आणि साळगावकर, खाणवाल्यांच्या घराण्यांचे हे क्लब, 2016 मध्ये आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडले. 2025 च्या जुलैत आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) आयोजकांनी आख्खा हंगामच लटकवून ठेवला, आणि मोठमोठ्या नावांचे खेळाडू घरी बसले. म्हणूनच मी 'पाठवा' म्हणतो. पण अनिश्चितता दोन्हीकडे असेल तर कर्जही दोन्हीकडे नको.

आता एजंट. फिफाने 2023 मध्ये एजंटांसाठी नवे नियम आणले. त्यात एजंटाला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि या पातळीच्या पगारावर खेळाडूकडून घ्यायच्या फीची मर्यादा पाच टक्के ठेवली आहे. मर्यादेचा भाग युरोपातल्या कोर्टकज्ज्यांत अडकला, तरी मापाला उपयोगी आहे. 11,000 युरोचे पाच टक्के म्हणजे 550 युरो, 55,000 रुपये. तुमचा माणूस मागतोय त्याच्या अकरा पट, आणि तेही आधी. ज्याला करारावर विश्वास आहे तो पगार सुरू झाल्यावर त्यातून घेईल. परवान्याचं नाव फिफाच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

दुसरं, कराराचा कागद क्लबच्या सही-शिक्क्याचा आहे की नुसतं 'ट्रायल'चं आमंत्रण? व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटकाचा? 2023 मध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या एका फुटबॉल अकादमीवर छापा पडला, तेव्हा तिथे परदेशांतून स्वप्नं दाखवून आणलेली डझनावारी मुलं सापडली, बरीचशी अल्पवयीन. तुमचा मुलगा मोठा आहे, पण रस्ता तोच असू शकतो.

करार खरा निघाला तर एक नियम त्याला पाठ करायला लावा: दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे नाही आले, तर फिफाच्या नियमांनुसार करार मोडता येतो. ही नोटीस लाजेखातर न पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत. "कोच चांगला आहे हो" म्हणत पाच महिने फुकट खेळतात.

एजंटाने तुमच्या वडिलांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचंही सुचवलंय. इथे घाई नको. 1961 पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना तो मार्ग आहे, आणि युरोपात खेळाडूचा भाव त्याने वाढतो हे मान्य. पण दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि त्याबरोबर भारताची जर्सीही. इथल्या क्लबांत तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजला जाईल, आणि पुढे शेतजमीन विकत घेता येणार नाही. गंमत बघा, बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स, तोही विंगरच, 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय झाला. एक हंगाम खेळू दे, मग बोलू.

कराचं फार अवघड नाही. नोकरीसाठी ऑगस्टच्या आधी निघाला, तर त्या आर्थिक वर्षात भारतातले त्याचे दिवस 182 च्या आत राहतील आणि तो अनिवासी ठरेल. तिथल्या पगारावर इथे कर नाही. तिकडे गेल्यावर सध्याचं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या पैशांसाठीचं) करून घ्या आणि युरो पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) खातं उघडा. विमा मात्र नीट वाचा: आपल्याकडच्या बऱ्याच अपघात पॉलिसींत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते. शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्या काळातला पगार क्लबच्या विम्यात बसतो का, हे करारातच हवं.

ठेवीतले फार तर दीड लाख काढा: तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचा खर्च. ते पैसे मुलाने पहिल्या तीन पगारांतून परत ठेवीत भरायचे, हे त्याच्यासमोरच ठरवा. त्यानंतर जे उरेल त्याला मे महिन्यापर्यंत हात लावू नका. फ्लॅटवाल्याला टोकन दिलं नसेल अशी आशा करतो. दिलं असेल तर पावती पाठवा.

आणि कराराची मूळ पोर्तुगीज प्रत मागून घ्या, एजंटाने दिलेलं इंग्रजी भाषांतर पुरे नाही. डिचोलीत पोर्तुगीज शाळा शिकलेले एखादे आजोबा अजून असतीलच. त्यांना चहाला बोलवा, चष्मा लावायला सांगा, आणि 'ओप्सांव' हा शब्द येतो ते कलम दोनदा वाचून घ्या: ऑप्शन नक्की कोणाचा आहे, ते कळवा.