माळ्यावर सापडलेलं पितळी यंत्र नक्की कशाचं?

प्रश्न : नमस्कार, चरईतलं आमचं जुनं घर रिडेव्हलपमेंटला जातंय म्हणून माळा रिकामा करत होतो, तर आजोबांच्या ट्रंकेत एक पितळी वस्तू मिळाली. आजोबा सर्व्हेच्या कामात होते एवढंच घरात माहितीय. वीतभर लांब पट्टी आहे, मधे काचेच्या नळीत बुडबुडा, दोन्ही टोकांना बिजागरीवर उभी राहणारी पाती. एका पात्याला बारीक भोक, दुसरं उंच आहे आणि त्याला उभी फट, फटीच्या दोन्ही बाजूंना आकडे, शून्य मधोमध. एम.आय.ओ. कलकत्ता असं कोरलंय. शेजारचे काका म्हणतात बंदुकीचं नेम धरायचं साइट असणार. जांभळी नाक्यावरचा भांडीवाला चकाचक करून देतो म्हणतोय. सोबत एक लोखंडी साखळी पण आहे, मोजली तर ३३ फूट भरली. हे काय आहे, आणि पॉलिश करून घेऊ का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : पॉलिश अजिबात नको, भांडीवाल्याला आजच नाही म्हणून सांगा, कारण या वस्तूची सगळी किंमत त्या फटीकडेच्या बारीक रेघांमध्ये आहे आणि बफिंगचं चाक फिरलं की त्याच आधी जातात. चिंच-मीठ, पावडर काहीही लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा आणि बुडबुड्याच्या नळीला जपा.

हे बंदुकीचं साइट नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ते टँजंट क्लिनोमीटरचं आहे, याला इंडियन क्लिनोमीटर असंही म्हणतात. प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या त्या नकाशाच्या फळ्यावर, हे ठेवायचं आणि लांबच्या डोंगराची, देवळाच्या कळसाची उंची काढायची. काही जण याला अ‍ॅलिडेड समजतात कारण त्यालाही दोन पाती असतात, पण अ‍ॅलिडेड म्हणजे दिशेची रेघ मारायची लांब पट्टी, तिला असे वर-खाली मोजायचे आकडे नसतात.

खात्री करायची असेल तर आकडे भिंगातून नीट बघा. एका बाजूला अंश असतील आणि दुसऱ्या बाजूला दशांशातले आकडे, ०.१, ०.२ असे. दशांशाच्या बाजूचे भाग शेवटपर्यंत सारखे असतात, अंशांचे मात्र शून्यापासून लांब जाताना किंचित किंचित रुंद होत जातात, कर्कटक लावून पाहिलंत तर फरक कळेल. आणि ०.१ च्या बरोबर समोर पावणेसहा अंशांच्या जरा अलीकडची जागा यायला पाहिजे, ०.२ समोर सव्वाअकराच्या किंचित पुढची. हे जुळलं की विषय संपला.

मला या यंत्रात सगळ्यात जास्त आवडते ती हीच दशांशाची बाजू. रानात उभ्या असलेल्या माणसाला कोन कळून लगेच उपयोग नसतो, मग कोष्टकं काढा, त्या कोनाचा टॅन (म्हणजे उंची भागिले अंतर) बघा, गुणाकार करा, वरून ऊन. इथे टॅनची किंमत थेट पात्यावर वाचायला मिळते! समजा उपवन तलावाच्या काठावर टेबल लावलं, खालचा स्क्रू फिरवून बुडबुडा मधे आणला, भोकाला डोळा लावून येऊरच्या बाजूचं एखादं टेकाड फटीतून पाहिलं आणि आकडा आला ०.१२. नकाशावर ते टेकाड तिथून १००० मीटरवर असेल तर १००० गुणिले ०.१२, म्हणजे टेकाड यंत्रापेक्षा १२० मीटर उंच. त्यात पायाखालच्या जमिनीची उंची आणि टेबलाची उंची मिळवली की झालं. शून्याच्या खालचे आकडे दरीसाठी, ते वजा करायचे. फार लांबचं असेल तर पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब पण धरावा लागतो, पाच किलोमीटरला साधारण दोन मीटर. अशा एकेक बिंदूच्या उंचीवरून आपल्या नकाशांवरच्या कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा काढल्या गेल्यात, माणसं डोंगर चढून गेली, उन्हापावसात उभी राहिली तेव्हा.

एम.आय.ओ. म्हणजे कलकत्त्याचं मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस, १८३० मध्ये सुरू झालेलं. सर्व्हे खात्याची उपकरणं तिथे दुरुस्त व्हायची आणि बनायची पण. अर्काटकडचे सय्यद मीर मोहसीन नावाचे कारागीर, मूळचे दागिने घडवणारे, ते पुढे या खात्याचे मुख्य यंत्रकार झाले, सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट साहेबांच्या काळात. १९५७ मध्ये याचीच नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स लिमिटेड ही कंपनी झाली, त्यामुळे तुमचा पीस बहुतेक त्याच्या आधीचा आहे. नंबर किंवा साल कोरलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

आता साखळी. ती वेगळ्या खात्यातली, जमीन महसुलाच्या मोजणीची. ३३ फूट हे पण मुद्दाम ठरवलेलं माप आहे, साखळी बाय साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे १६ भाग पाडलेले असतात, त्यांना आणे म्हणतात, आणि मोजणी ऑफिसातल्या जुन्या टिपणांमध्ये शेताच्या बाजू साखळी-आण्यांतच लिहिलेल्या दिसतात. पनवेल-उरणकडे आजही जमिनीचा भाव गुंठ्यानेच सांगतात, तो गुंठा या साखळीतून येतो. तुमच्या साखळीवर १६ खुणा आहेत का ते मोजा, गंज असेल तर तेलाचा हलका हात फिरवा, बास.

दोन खात्यांच्या वस्तू एकाच ट्रंकेत आहेत म्हणजे आजोबांनी दोन्हीकडे काम केलं असेल किंवा कुणाकडून काही मिळालं असेल. ट्रंक टाकून देण्याआधी तळाचे कागद चाळा, चौकोनांची वही, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, कापडावर चिकटवलेला नकाशा असलं काही दिसलं तर रद्दीत घालू नका आणि आम्हाला पण कळवा.