प्रेपी ही फॅशन आहे की जगण्याची पद्धत?

मुळात ती जगण्याचीच पद्धत, फॅशन नंतर झाली. 'प्रेपी' हा शब्द प्रेपरेटरी स्कूलवरून आला. म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या महागड्या खासगी शाळा. पुढे येल किंवा प्रिन्स्टनसारखं नामांकित विद्यापीठ, उन्हाळ्यात किनाऱ्यावरचं घर, टेनिस, शिडाच्या होड्या, असं ते आयुष्य. कपडे त्यातूनच आले. बोट शूजच बघा: १९३५ मध्ये पॉल स्पेरी यांनी रबरी तळाला बारीक नागमोडी चिरा दिल्या, त्या होडीच्या ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून. नवेपणाचं तर तिथे कौतुकच नाही. कॉलर विरली, कोपरं झिजली तरी वडिलांचा ब्लेझर मुलगा अभिमानाने घालतो, आणि मला वाटतं खरी ओळख तीच. मात्र या जगण्याला फार भाबडेपणाने भुलू नका. त्या शाळा-क्लबांची दारं ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना कित्येक वर्षं जवळपास बंदच होती. हा पेहराव जगभर पोचवला तो त्या वर्तुळाबाहेरच्या, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात स्थलांतरितांच्या घरी वाढलेल्या फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांनी, १९६७ मध्ये टाय विकण्यापासून सुरुवात करून.