नवं सुचलं की हातातलं लिखाण का सुटतं?

“नवं काही सुचलं की हातातलं नकोसं होतं. माझ्यात चिकाटीच नाही का?” लिहिणारी माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वरचेवर येतात. पुढची हकीकत अशाच एका लेखिकेची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चार वर्षांत त्यांनी पाच कादंबऱ्या सुरू केल्या होत्या, पुरी एकही नाही. सात-आठ प्रकरणं भराभर व्हायची, मग दुसरंच काही सुचायचं आणि ते आधीच्यापेक्षा सरस वाटायचं. स्वतःला त्या आळशी म्हणत होत्या. पण आळशी माणूस पाच वेळा आठ प्रकरणं लिहीत नाही.

पहिल्या भेटीत काहीच बदलायला सांगितलं नाही. दोन आठवडे फक्त नोंद ठेवायची: कल्पना कधी सुचली आणि तेव्हा कोणता प्रसंग लिहिणं चालू होतं. अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ एकाच ठिकाणच्या होत्या. घर सोडून गेलेल्या वडिलांना मुलगी जाब विचारते, तो प्रसंग. नोंदी समोर मांडल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वडील काय उत्तर देतील, ते मलाच माहीत नाही.”

खरी गोम इथे असते. नव्या कल्पनेत अवघड प्रसंग अजून आलेलाच नसतो, म्हणून ती इतकी स्वच्छ दिसते. तिच्याकडे वळलं की सुटका होते, आणि सुटकेची सवय फार लवकर लागते.

कल्पना दाबून टाकायच्या नाहीत. दाबली की ती जास्त डोकं वर काढते. तिच्यासाठी वेगळी कागदी वही ठेवायची. एका कल्पनेला एक पान, वेळ पाच मिनिटं. तारीख, कल्पना एका वाक्यात, तिच्यातलं डोळ्यांसमोर आलेलं एक चित्र, आणि हे पान पुन्हा कधी उघडायचं तो दिवस. हा शेवटचा तपशील गाळू नये. अपुऱ्या कामाबद्दल ‘कधी, कसं’ हे ठरलं की त्याचे विचार मध्येमध्ये येणं कमी होतं, असं मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 च्या प्रयोगांत दिसलं आहे. वही मिटली की अर्धवट प्रसंगाचं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि पुढचं एक, वाईट का असेना, लिहायचं.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी फसल्या. त्यांनी वहीऐवजी फोन वापरला आणि नोंद करता करता अर्धा तास भलतीकडेच गेला. मग वही घेतली, तर एका कल्पनेची सहा पानं भरली. म्हणजे सहावी कादंबरी सुरूच झाली होती! पाच मिनिटांचा गजर लावल्यावर ते थांबलं. उलट टोकही वाईट. ‘विहीर, म्हातारी’ एवढंच लिहिलं, तर महिन्याने त्यातून काहीही आठवत नाही.

हातातलं लिखाण कधीच सोडू नये, असं मात्र नाही. एखादी संहिता खरोखर निर्जीव असते. तो निर्णय अडलेल्या दिवशी घ्यायचा नाही, अडलेला प्रसंग कच्चा का होईना संपवल्यावर घ्यायचा. आणि कल्पनांच्या पुरासोबत सलग काही दिवस झोपेची गरजच कमी झाली, बोलण्याचा वेग वाढला, बेफाम खर्च होऊ लागला, तर वहीचा उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

वडिलांच्या उत्तरासाठी त्यांना वेगळं काम दिलं. वीस मिनिटं, वडिलांच्या तोंडून, कादंबरीत न घेण्याच्या बोलीवर. तिसऱ्या प्रयत्नात वडील खोटं बोलले, आणि मुलीला ते कळलं. प्रसंग त्या आठवड्यात पुरा झाला.

ठरलेल्या दिवशी वही उघडली तेव्हा तिच्यातल्या अकरा पानांपैकी सात पानांवर त्यांनी स्वतःच काट मारली. दोन कल्पना याच कादंबरीच्या निघाल्या. उरलेल्या दोघींना पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.